थव्याने राहणारे मासे

घरात काचेची पेटी ठेवून तीत रंगीत मासे पाळण्याची हौस आपल्या देशात आता चांगलीच रुजली आहे. १९५१ साली मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हा काचेपलीकडे विहरणारे मासे पाहणे हा एक दुर्मीळ आनंद होता. आज तोच आनंद दिल्लीपासून बंगळूरपर्यंत कितीतरी मध्यमवर्गीय घरांच्या दिवाणखान्यांत येऊन बसला आहे. परंतु हौस जितकी पसरली, तितके त्या मुक्या प्राण्यांच्या गरजांचे ज्ञान पसरले, असे मात्र म्हणता येत नाही. दुकानात येणारा गृहस्थ सहसा दोन मासे मागतो. "एक जोडी द्या" असेच त्याचे शब्द असतात. राघू-मैनेची जोडी असते, कबुतरांची जोडी असते, तशी माशांचीही असेल, अशी त्याची सरळ समजूत असते. मासे एका गोल काचेच्या भांड्यात घालून घरी आणले जातात, मुले दोन दिवस भोवती गोळा होतात, आणि तीन आठवडे लोटण्यापूर्वीच त्यांतला एक मासा पाण्यावर उताणा तरंगताना दिसतो. घरातील लहान मूल विचारते, "तो का मेला?" ह्या प्रश्नाला बहुतेक घरांत उत्तर नसते. ते उत्तर शोधण्याचा आजच्या ह्या भाषणात प्रयत्न करावयाचा आहे.

सगळ्याच माशांविषयी एका दमात बोलणे शक्य नाही. म्हणून बार्ब ह्या नावाने बाजारात मिळणाऱ्या, थव्याने राहणाऱ्या लहान माशांपुरतेच मी बोलणार आहे. मला जे सांगावयाचे आहे ते थोडक्यात असे: बार्ब मासा एकेकटा किंवा जोडीने पाळता येत नाही, पाळावयाचा तो त्याचा थवाच. हे एकदा मान्य केले म्हणजे पेटी केवढी असावी, पाणी कसे राखावे, अन्न किती घालावे, आजार कसा ओळखावा, ह्या सर्व प्रश्नांची उत्तरे त्यातूनच निघत जातात.

हे मासे आपल्याला परके नाहीत. रोहू आणि कटला हे जेवणातले ओळखीचे मासे ज्या कुळातले, त्याच विस्तृत कुळातले हे छोटे सभासद. 'बार्ब' ह्या शब्दाच्या मुळाशी लॅटिन भाषेतील दाढी ह्या अर्थाचा शब्द आहे; ह्यांतील अनेक जातींच्या ओठांच्या कडेला मिशांसारखे बारीक तंतू असतात, त्यावरून तो आला. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेत राहिलेले डॉक्टर फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनी १८२२ साली गंगा व तिच्या उपनद्यांतील माशांवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ह्या लहान माशांना त्यांनी जे शास्त्रीय नाव दिले, ते 'पुंटी' ह्या बंगाली नावावरूनच बनवलेले आहे. म्हणजे बंगालच्या तळ्यांत पोरे ज्याला गळ टाकतात, तोच हा मासा. महाराष्ट्रात नद्या-ओढ्यांतील अशा लहान खवल्यांच्या माशांना 'खवली' म्हणतात. शेपटीजवळ काळा ठिपका असलेला आणि विणीच्या काळात नराचे अंग तांबूस होणारा गुलाबी बार्ब, म्हणजे दुकानातला 'रोझी बार्ब', हा हॅमिल्टन ह्यांनी त्याच ग्रंथात वर्णिलेला उत्तर भारतीय मासा होय. ह्याला मात्र मिशा नाहीत. दुसरा लोकप्रिय मासा म्हणजे 'टायगर बार्ब'. पिवळसर अंगावर चार काळे पट्टे असलेला हा मासा सुमात्रा व बोर्निओ ह्या बेटांचा रहिवासी. चेरीच्या फळासारखा लाल दिसणारा 'चेरी बार्ब' श्रीलंकेतला. देश निराळे असले, तरी समूहाने राहण्याची वृत्ती ह्या साऱ्यांत आहे.

हे मासे समूहाने का राहतात, हे समजून घेतले पाहिजे. बोटाएवढ्या माशाला नदीत शत्रू पुष्कळ. मोठा मासा, बगळा, खंड्या, पाणसाप, सगळेच त्याच्यावर टपलेले. अशा जिवाला संख्या हेच संरक्षण. दहा जोडी डोळे एका जोडीपेक्षा आधी संकट पाहतात. आणि एकाच वेळी वळणाऱ्या, चमकणाऱ्या दहा अंगांतून एकच नेमके हेरणे शत्रूलाही जड जाते. माशाच्या दोन्ही बाजूंना कल्ल्यांपासून शेपटीपर्यंत संवेदनशील पेशींची एक रेषा असते. शेजाऱ्याच्या हालचालीने पाण्यात उठणारा सूक्ष्म तरंग तिच्यामुळे त्याला जाणवतो. सगळा थवा एकाच क्षणी वळतो, त्यात डोळ्यांबरोबर ह्या रेषेचाही वाटा असतो. मधमाश्यांच्या अभ्यासामुळे पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळवणारे कार्ल फॉन फ्रिश ह्यांनी १९३८ साली बार्बच्याच विस्तृत कुळातील एका युरोपीय माशावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. एका माशाच्या त्वचेला जखम झाली, की तीतून एक द्रव्य पाण्यात मिसळते, आणि त्याच्या नुसत्या वासाने बाकीचे मासे भयभीत होतात, असे त्यांना आढळले. एकाची इजा सर्वांना कळावी, अशी योजना ज्याच्या कातडीतच आहे, त्या प्राण्याला आपण एकट्याला गोल भांड्यात ठेवतो, ह्याचा अर्थ काय होतो, ह्याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

एकटा किंवा दुकटा पडलेला बार्ब बहुधा दोनपैकी एका तऱ्हेने वागतो. एक म्हणजे तो भितो. वनस्पतींच्या किंवा दगडाच्या आड दडून बसतो, त्याचा रंग फिका पडतो, अन्न टाकले तरी तो पुढे येत नाही. सतत भेदरलेल्या प्राण्याची रोगाला तोंड देण्याची शक्ती क्षीण होते, हे माणसाप्रमाणेच माशालाही लागू आहे. दुसरी तऱ्हा टायगर बार्बची. तो दांडगट होतो. ह्या माशांत आपापसांत मानापमानाची एक उतरंड असते. वरचा खालच्याला हुसकावतो, त्याचे पर कुरतडू पाहतो. थव्यात आठ-दहा मासे असले, म्हणजे हा त्रास सर्वांत वाटला जातो, आणि पाठलाग हा बराचसा खेळच ठरतो. परंतु दोनच मासे असले, की दुबळ्याला सुटका नसते. तीन-चार असले आणि पेटीत दुसरे संथ, लांब परांचे मासे असले, तर त्यांच्या परांच्या चिंध्या होतात. लोक म्हणतात, टायगर बार्ब स्वभावानेच दुष्ट आहे. पुष्कळदा त्या दुष्टपणाचे मूळ एवढेच असते, की आपण त्याची बिरादरी त्याच्यापासून तोडलेली असते. म्हणून एकाच जातीचे किमान सहा, आणि टायगर बार्बच्या बाबतीत आठ ते दहा मासे ठेवावेत. दोन-दोन मासे पाच जातींचे आणून पेटी रंगीबेरंगी करण्यापेक्षा एकाच जातीचे दहा मासे एकदम वळताना पाहणे, हे डोळ्यांनाही अधिक सुखावह असते.

थवा ठेवावयाचा ठरला, की गोल भांडे आपोआपच बाद होते. आठ मासे म्हणजे आठ जणांचे श्वसन आणि आठ जणांचा मळ. शिवाय पोहणाऱ्या माशाला उंचीपेक्षा लांबी हवी. नव्वद सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद आणि चाळीस उंच अशी पेटी घेतली, तर तीत काठोकाठ १४४ लिटर पाणी मावते. टायगर बार्बच्या दहाजणांच्या थव्याला एवढी जागा पुरेशी होईल. गुलाबी बार्ब थोडा मोठा होतो, त्याचे आठ ठेवावेत. ह्या पाण्याचेच वजन १४४ किलो. काच आणि तळची वाळू धरून हा भार पावणेदोनशे किलोच्या आसपास जातो, म्हणून पेटीखालचे टेबल भक्कम आणि सपाट असावे. पेटी खिडकीच्या थेट उन्हात ठेवू नये. पाणी तापते व शेवाळ माजते. मागच्या व कडेच्या बाजूला वनस्पती दाट लावाव्यात आणि मधली जागा मोकळी सोडावी. आडोसा जवळ आहे, ही खात्री असली, म्हणजेच हे मासे निर्धास्तपणे उघड्यावर येतात. वर झाकण अवश्य असावे, कारण दचकलेला बार्ब सहज उडी मारतो. आणि काचेवर कोणासही टिचक्या मारू देऊ नये. ह्या कुळातील माशांच्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते. १८२० साली वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. तिच्यामुळे त्यांचे श्रवण इतर अनेक माशांपेक्षा तीक्ष्ण असते. आपली गंमतीची टिचकी त्यांना दारावर पडलेल्या थापेसारखी वाटत असली पाहिजे.

आता सर्वांत महत्त्वाच्या, आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीकडे वळू. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निरोगी असते, असे नाही. मासा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न व मळ कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत तो वाहून जातो व विरळ होतो. पेटीत तो साठतो, आणि कल्ले जाळतो. ह्यावर निसर्गाचाच उपाय आहे. पाण्यातील काही सूक्ष्म जंतू, ज्यांत नायट्रोसोमोनास हे नाव प्रसिद्ध आहे, अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषच, ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हरण करते. मग नायट्रोस्पायरा ह्या गटातील दुसरे जंतू त्याचे नायट्रेट करतात, आणि ते बरेच सौम्य असते. त्यातले काही वनस्पती शोषून घेतात, उरलेले आपण पाणी बदलून काढून टाकतो. हे जंतू वाळूवर, दगडांवर, आणि विशेषतः फिल्टरच्या स्पंजावर वस्ती करतात. परंतु त्यांची पुरेशी वस्ती होण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. नवी पेटी सकाळी भरून संध्याकाळी मासे सोडणारा गृहस्थ आपल्या माशांना ह्या वस्तीवाचून, म्हणजे सफाईची कोणतीही व्यवस्था नसलेल्या गावात, राहावयास पाठवीत असतो. तिसऱ्या आठवड्यात तरंगणाऱ्या माशाचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

थवा पाळणाऱ्यापुढे येथे एक पेच उभा राहतो. एकदम दहा मासे सोडावेत, तर नव्या पेटीला तो भार पेलत नाही. दोन-दोन करून आणावेत, तर पहिले दोन एकटे पडतात. ह्या पेचातून सुटण्याचा मार्ग संयमाचा आहे. पेटी भरावी, फिल्टर चालू करावा, आणि मासे न आणताच रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकीत जावे. ते कुजून अमोनिया होतो, आणि त्यावर जंतू वाढतात. ओळखीच्या एखाद्या हौशी माणसाच्या निरोगी पेटीतील वापरलेल्या स्पंजाचा तुकडा मिळाला, तर काम पुष्कळ लवकर होते. पाण्यातील अमोनिया व नायट्राइट तपासण्याचे द्रव दुकानात मिळतात. दोन्हींचे प्रमाण आधी वाढेल, मग खाली येईल. खाद्य घालूनही दोन्ही शून्यावर स्थिरावली, की पाण्याचा बराचसा भाग बदलावा आणि मगच थवा आणावा. महिनाभर रिकाम्या पेटीकडे पाहत बसणे घरातील मुलांना कठीण जाईल. परंतु तेवढ्या काळात त्यांना ह्या अदृश्य वस्तीची गोष्ट सांगता येईल.

ह्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाण्याची आम्लता वा अल्कता ज्या अंकाने मोजतात, त्याला मराठीत सामू म्हणतात. पंचवीस अंश सेल्सियस तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग तीव्र विषारी रूपात असतो. सामू ८ झाला, की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे जे प्रमाण एका शहराच्या पाण्यात मासा कसेबसे सोसतो, ते दुसऱ्या शहराच्या पाण्यात त्याचा जीव घेऊ शकते. आम्हां सरकारी नोकरांच्या कपाळी बदल्या लिहिलेल्याच असतात, आणि गावोगावचे पाणी निरनिराळे असते, हे साबणाच्या फेसावरूनही ओळखू येते. म्हणून नव्या गावी जुन्या गावचे नियम डोळे मिटून लावू नयेत, पाणी तपासावे. आणि बदली दूरची असेल, तर थव्याची ताटातूट न करता तो सबंध एखाद्या जाणत्या माणसाकडे सोपवून जावे.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन घातलेला असतो. तो आपल्याला हितकर, पण माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधील उपकारक जंतूंना घातक. पाणी उघड्या बादलीत एक दिवस-रात्र ठेवले, तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल, तर छायाचित्रकार ज्याला 'हायपो' म्हणतात, त्या सोडियम थायोसल्फेटचे द्रावण दुकानात मिळते. त्याचे बाटलीवर लिहिलेल्या मापाने थेंब घालावेत. क्लोरामाइन हे द्रव्य वापरले जात असेल, तर मात्र ते नुसते पाणी ठेवून जात नाही, त्यासाठी खास औषधच घ्यावे. आठवड्यातून एकदा पेटीतील चौथा भाग पाणी काढून तेवढेच नवे, त्याच तापमानाचे पाणी घालावे. आपल्या १४४ लिटरच्या पेटीला हे ३६ लिटर, म्हणजे बारा लिटरच्या तीन बादल्या होतात. रविवारी सकाळचा अर्धा तास ह्याला पुरतो. महिनोन्महिने काही न करता एके दिवशी सगळे पाणी फेकून, वाळू व स्पंज नळाखाली खसाखसा धुऊन काढण्याची जी पद्धत आहे, ती अत्यंत चुकीची होय. तिने मळाबरोबर सफाई करणारी सारी वस्तीच नाहीशी होते. स्पंज धुवावयाचा, तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळून घ्यावा.

ऋतूंचाही विचार हवा. पाणी जसजसे तापते, तसतसा त्यात प्राणवायू कमी मावतो. वीस अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांना साडेसातच. उलट उष्णतेने माशाची प्राणवायूची गरज वाढते. नागपूरच्या उन्हाळ्यात मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू-मिटू लागले, तर भूक लागली असे समजून खाद्य टाकू नये; तो श्वासासाठी चाललेला आकांत असतो. अशा वेळी हवेचा पंप जोरात चालवावा, पृष्ठभाग हलता ठेवावा, पंख्याचा वारा पाण्यावरून जाऊ द्यावा. वीज जाण्याची सवय असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा एक छोटा पंप जवळ असावा. हिवाळ्याची गोष्ट निराळी. उत्तरेच्या थंड प्रवाहांत वाढलेल्या गुलाबी बार्बला अठरा ते बावीस अंशांचे पाणी मानवते. टायगर बार्बला बावीस ते सव्वीस अंश लागतात; त्याच्यासाठी दिल्लीच्या जानेवारीत हीटर लावलाच पाहिजे. म्हणून ह्या दोन जातींचा एकत्र संसार मांडण्यापूर्वी आपल्या गावच्या हवेचा विचार करावा.

अन्नाच्या बाबतीत आपल्या आतिथ्यशील स्वभावाला आवर घालावा लागतो. ह्या कुळातील माशांना जठरच नसते. दात असतात, पण ते तोंडात नसून घशात असतात. तेथे चिरडलेले अन्न सरळ आतड्यात जाते. साठवून ठेवण्याची पिशवी नसल्यामुळे एका वेळी भरपेट जेवण त्यांना मानवत नाही. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत फस्त होईल एवढेच अन्न घालावे. तळाशी उरलेला प्रत्येक कण पुढे अमोनिया होणार, हे विसरू नये. आठवड्यातून एक दिवस उपवास घडला, तरी त्यांचे काही बिघडत नाही. तयार खाद्याबरोबर उकडून मऊ केलेला पालक, कधी डासांच्या अळ्या, असा पालट असावा. कारण हे मासे वनस्पती व किडे दोन्ही खाणारे आहेत. गटारातून गोळा केलेले जिवंत किडे मात्र टाळावेत, त्यांच्याबरोबर रोग येतात. आणि घरात खाद्य घालणारी व्यक्ती एकच असावी. आजोबांनी घातले, मग सुनेने घातले, मग शाळेतून आलेल्या नातवाने घातले, ह्यात प्रेम असते, पण मासे त्याने मरतात.

काळजी घेऊनही आजार येतात. सर्वांत परिचित आजार पांढऱ्या ठिपक्यांचा. अंगावर व परांवर रव्याचे कण शिंपडावेत तसे ठिपके दिसतात, मासे दगडाला अंग घासतात. हा एका सूक्ष्म परोपजीवीचा प्रताप. तो त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी पडतो, तेथे कवचात त्याचे शेकडो भाग होतात, आणि ते पोहत पोहत नवा मासा शोधतात. पंचवीस अंशांच्या आसपास हे चक्र साधारण आठवड्याभरात पुरे होते. औषध लागू पडते ते फक्त ह्या पोहणाऱ्या अवस्थेवर. त्वचेखालील किंवा कवचातील जंतूला ते शिवत नाही. म्हणून ठिपके दिसेनासे झाले की औषध बंद करणे, ही सर्वसाधारण चूक रोगाला परत बोलावते. उपचार जाणत्याच्या सल्ल्याने पूर्ण मुदतभर करावेत, आणि ते सबंध पेटीवर करावेत. कारण एका माशावर ठिपके दिसले, तेव्हाच रोग पाण्यात पसरलेला असतो. पाणी हळूहळू थोडे गरम केल्याने चक्र लवकर फिरते व औषधाला संधी मिळते, पण त्याबरोबर हवेचा पुरवठा वाढवावयास हवा. ह्याहून शहाणपणाचे म्हणजे रोग आत येऊच न देणे. नवे मासे दोन ते तीन आठवडे वेगळ्या पेटीत ठेवावेत. तेथेही ते एकेकटे नकोत, आणलेले सगळे एकत्रच असावेत.

आणि येथे थव्याचा आणखी एक उपयोग दिसून येतो. रोज सकाळी खाद्य घालताना मासे मोजावेत. निरोगी थवा एकत्र येतो. एखादा मासा बाजूला राहतो, कोपऱ्यात डोके खाली करून तरंगतो, पर मिटून घेतो, तर अंगावर काही चिन्ह दिसो वा न दिसो, बिघाड झाला आहे असे समजावे. सगळाच थवा एकदम विस्कळीत झाला, सर्वच मासे पृष्ठभागाशी आले वा तळाशी निपचित बसले, तर दोष एकाचा नसून पाण्याचा आहे. अशा वेळी औषधाची बाटली शोधण्यापूर्वी पाणी तपासावे, चौथा भाग बदलावा आणि फिल्टर चालू आहे ना, हे पाहावे. एकट्या माशात हे निदान करता येत नाही, कारण तुलनेला दुसरे कोणी नसते.

शेवटी एका कर्तव्याचा उल्लेख केला पाहिजे. बाजारातील टायगर बार्ब बहुतांशी पैदास केंद्रांत वाढवलेले असतात. परंतु सगळ्याच बार्बविषयी तसे म्हणता येत नाही. केरळ व कर्नाटकातील पश्चिम घाटाच्या वेगवान, निर्मळ प्रवाहांत अंगावर तांबडी व काळी रेघ मिरवणारा एक अतिशय देखणा मासा आहे. १८६५ साली फ्रान्सिस डे ह्यांनी मद्रासचे गव्हर्नर डेनिसन ह्यांच्या नावे त्याचे नामकरण केले. २०१३ साली त्याच्यासाठी 'सह्याद्रिया' ही प्रजाती स्थापन झाली. बाजारात तो 'मिस केरळ' म्हणून ओळखला जातो. देशोदेशींच्या काचपेट्यांसाठी तो नद्यांतून इतका पकडला गेला, की २००८ साली केरळ सरकारला त्याच्या पकडीवर निर्बंध घालावे लागले, आणि निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याची गणना धोक्यात आलेल्या जातींत झाली. महाराष्ट्रातही सातारा जिल्ह्यातील वेण्णा नदीवरून १९५३ साली शास्त्राला ज्ञात झालेला 'महाराजा बार्ब' आहे. २०२० साली त्याला मणिपूरचे मत्स्यशास्त्रज्ञ वैखोम विश्वनाथ ह्यांच्या नावे बनवलेल्या 'वैखोमिया' ह्या नव्या प्रजातीत स्थान मिळाले. असे मासे एखाद्या खोऱ्यापुरतेच असतात. तेथून गेले, की ते कायमचेच गेले. त्यांना त्यांच्या नदीतच राहू द्यावे. दुकानदाराला "हा मासा नदीतला की पैदाशीतला?" असा प्रश्न विचारावा, आणि समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर रिकाम्या हाताने परत यावे. त्याचप्रमाणे पेटीतील नको झालेले मासे दया म्हणून विहिरीत वा तलावात सोडू नयेत. काचेचा तळ चाटणारे परदेशी सकर मासे अशाच दयेपोटी आपल्या कितीतरी तळ्या-नद्यांत शिरले व वाढले, आणि आता ते तेथून निघत नाहीत.

हे सर्व ऐकून कोणाला वाटेल, की एवढा खटाटोप करावयाचा, तर मासे न पाळलेलेच बरे. ज्याच्याजवळ मोठ्या पेटीला जागा नाही किंवा रविवारचा अर्धा तास नाही, त्याने तसाच निर्णय घ्यावा. तो निर्णयही माशांवरील प्रेमाचाच आहे. परंतु ज्याला हे जमण्यासारखे आहे, त्याने खुशाल थवा पाळावा. ह्यात कठीण असे काहीच नाही. हवा तो थोडा संयम आणि पुष्कळ नियमितपणा. पेटी आधी तयार ठेवावी, मासे एकाच जातीचे व पुरेसे आणावेत, पाणी थोडे थोडे पण चुकता न बदलता राहू नये, अन्न हात राखून घालावे, आणि रोज त्यांची गणती करावी. मग संध्याकाळी कचेरीतून परतल्यावर त्या पेटीसमोर घटकाभर बसले असता, दहा लहान जीव एकाच इशाऱ्यावर वळताना दिसतील, आणि घरातील मुलाने काही विचारले, तर त्याला सांगण्यासारखेही आपल्याजवळ काही असेल.